अनुभव धागा: छापून घेतलेल्या आखीव पानांवरची वाचननोंदवही

निमंत्रण

मंडळी, २०२४ च्या पहिल्या आठवड्यात मी वाचननोंदवहीच्या आखीव पानांचा एक तयार संच उतरवून घेतला. त्याची सर्व ४२ पाने कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणली, स्पायरल करून घेतली आणि पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत वर्षही घातले. डिसेंबरअखेर ती वही चाळली, तेव्हा पुस्तकाचे नाव, सुरू केल्याची तारीख आणि ‘कुणी सुचवले’ हे तीनच रकाने सलग भरलेले आढळले. तारे देण्याची जागा मार्चनंतर कोरी होती आणि पात्रांची यादी एकाच कादंबरीची होती. एका पानावर रिकामे कपाट आणि त्यात शंभर पुस्तकांच्या पाठी आखलेल्या होत्या. वाचून झालेल्या पुस्तकाची पाठ रंगवायची अशी कल्पना. त्यातल्या चौदा रंगल्या होत्या, आणि शेवटच्या तीन मी एकाच संध्याकाळी आठवून आठवून रंगवल्या होत्या, हेही कबूल करते.

आपल्यापैकी अनेकांनी अशी पाने वापरली आहेत असे ऐकले, म्हणून हा धागा. कोणत्या आकाराची पाने घेतली, ती कशी बांधली, आणि मुख्य म्हणजे कोणता रकाना भरला गेला व कोणता कोरा राहिला, हे सविस्तर लिहावे. वाचलेल्या पुस्तकांवरची मते कृपया इथे नकोत; त्यासाठी वेगळी जागा आहे.

पुण्याहून

माझा पहिला अनुभव कागदाच्या आकाराचा आहे आणि तो बहुतेकांना येत असावा. परदेशी संकेतस्थळांवरची बरीचशी पाने ‘लेटर’ आकारात, म्हणजे २१६ × २७९ मिलिमीटरमध्ये आखलेली असतात. आपल्याकडच्या दुकानात ए-४ असतो, २१० × २९७ मिलिमीटरचा. मूळ आकारात छापले तर उजवीकडची चौकट कापली जाते. ‘पानात बसवा’ हा पर्याय निवडला तर मजकूर सुमारे तीन टक्के आकसतो आणि वर-खाली मिळून जवळजवळ अडीच सेंटिमीटरचा पट्टा मोकळा राहतो. मी दुसरा मार्ग पत्करला, कारण त्या मोकळ्या पट्ट्यात वाचनालयाचा पुस्तक क्रमांक लिहिता येतो, आणि मूळ आखणीत त्याला जागाच नव्हती.

दुसऱ्या वर्षी ए-४ मधोमध दुमडून ए-५ ची वही करायचे ठरवले. एका कागदावर अशी चार पाने बसतात, त्यामुळे एकूण पाने चारच्या पटीतच ठेवावी लागतात. बत्तीस पानांच्या वहीला आठ कागद लागतात. सर्वांत बाहेरच्या कागदाच्या एका बाजूला १ आणि ३२, तर पाठीमागे २ आणि ३१ ही पाने येतात. समोरासमोरच्या दोन पानांच्या क्रमांकांची बेरीज नेहमी एकूण पानांपेक्षा एकने जास्त भरते, एवढे ध्यानात ठेवले की चूक लगेच सापडते. मला मात्र हे वही हातात आल्यावर कळले. पाठपोट छपाईत कागद लांब कडेवर उलटवायचा की आखूड कडेवर, हे दुकानातल्या मुलाला मी सांगितलेच नव्हते, आणि परिणामी प्रत्येक दुसरे पान डोक्यावर उभे होते. अशा घडीच्या वहीसाठी आखूड कडेवर उलटणे निवडावे लागते. आता मी आधी रद्दीच्या आठ कागदांची घडी घालून, हाताने क्रमांक टाकून नमुना तयार करतो आणि तोच दुकानात दाखवतो.

कागदाविषयी थोडे. दुकानातला नेहमीचा कागद ७० किंवा ७५ जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरचे वजन इतके ग्रॅम; आकडा मोठा तसा कागद जाड) असतो. त्यावर शाईचे पेन वापरले की अक्षरे मागच्या बाजूला उतरतात. १०० जीएसएमवर हा त्रास बराच कमी झाला, पण आठ कागद एकात एक घातल्यावर आतली पाने बाहेर डोकावू लागली आणि कड समान करण्यासाठी कटर चालवावा लागला. त्यात बाहेरच्या रकान्याची रेघ गेली. आता चार-चार कागदांचे जुडगे करून दाभणाने भोके पाडतो आणि जाड दोऱ्याने शिवतो. भरलेल्या रकान्यांबद्दल विचारले आहे, तर प्रामाणिक उत्तर असे, की वही करण्यात जितका वेळ गेला तितका ती भरण्यात गेला नाही.

डोंबिवलीहून

माझे वाचन लोकलमध्ये होते, आणि ८.०५ च्या गाडीत वही उघडण्यासाठी जी कोपरभर जागा लागते ती मला आजवर मिळालेली नाही. त्यामुळे मी पूर्ण पानाऐवजी पट्टी निवडली. ए-४ आडवा धरून त्याचे तीन समान भाग केले की ९९ × २१० मिलिमीटरच्या तीन पट्ट्या मिळतात. जाडसर कागदावर छापल्या तर त्या खुणेच्या पट्टीचे काम करतात आणि नोंदीचेही. माझ्या पट्टीवर वरच्या बाजूला नाव, लेखक आणि परतीची तारीख एवढेच आहे. खाली नुसत्या रेघा आहेत, आणि प्रत्येक रेघेच्या सुरुवातीला पान क्रमांकासाठी लहान चौकोन आहे. उभ्याने वाचताना पेन्सिलीने पान क्रमांक आणि दोन शब्द, यापलीकडे काही लिहिता येत नाही, आणि मला त्याहून अधिक लागतही नाही. घरी आल्यावर त्या दोन शब्दांवरून परिच्छेद शोधता येतो.

या पद्धतीचा एक धोका सांगते. पुस्तक परत करताना पट्टी आत राहून जाते. माझ्या दोन पट्ट्या अशा गेल्या. तिसऱ्यांदा मी ग्रंथपालांकडे चौकशी केली, तेव्हा त्यांनी खण ओढून दाखवला. त्यात माझ्या पट्ट्या तर होत्याच, शिवाय बसची तिकिटे, मोरपीस, औषधाची चिठ्ठी आणि कुणाच्या तरी लग्नाची पत्रिकाही होती. तेव्हापासून मी पट्टीच्या मागे वाचनालयातला सभासद क्रमांक छापून घेते. भरलेल्या पट्ट्या घरी बुटांच्या खोक्यात उभ्या ठेवल्या आहेत. अकारविल्हे लावायचे राहूनच गेले आहे.

नाशिकहून

तयार पानांच्या बाबतीत माझी खरी अडचण दिवाळी अंकांनी केली. ‘शीर्षक, लेखक, पृष्ठसंख्या, शेरा’ ही आखणी एका लेखकाच्या एका पुस्तकासाठी असते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपण ज्या प्रकारचे वाचन करत आलो आहोत, ते या चौकटीत मावतच नाही. एका अंकात कथा, कविता, परिसंवाद, व्यंगचित्रे आणि वार्षिक राशिभविष्य अशी पन्नास प्रकारची सामग्री असते. तिला मिळून एक शेरा कसा द्यायचा? त्यातून माझ्या वाचनालयात दिवाळी अंकांची स्वतंत्र योजना असते आणि ठरावीक मुदतीत जितके अंक बदलून नेता येतील तितके नेता येतात. फेब्रुवारीपर्यंत वीस-बावीस अंक हातावेगळे होतात आणि मार्चमध्ये ‘तो कोकणातल्या विहिरीवरचा लेख कोणत्या अंकात होता’ हे आठवता आठवत नाही.

म्हणून मी लीगल आकाराचा, म्हणजे ए-४ पेक्षा लांब असलेला कागद आडवा घेऊन नवी आखणी केली. अंकाचे नाव आणि वर्ष डोक्यावर, खाली लेखाचे शीर्षक, लेखक, पान, प्रकार आणि अगदी शेवटी ‘पुन्हा वाचणार का’ हा अरुंद रकाना, ज्यात केवळ ‘हो’ मावते. नकारासाठी जागाच ठेवलेली नाही. सुरुवातीला मी अंकातील प्रत्येक लेखाची नोंद करत होतो. तो निव्वळ अनुक्रमणिका उतरवून काढण्याचा उद्योग ठरला. आता जे वाचल्यावर कुणाला तरी दूरध्वनी करून सांगावेसे वाटते, तेवढेच लिहितो. एका अंकाला सरासरी चार ओळी लागतात. राशिभविष्याची नोंद मात्र पत्नी आवर्जून करते, आणि वर्षअखेरीस पडताळूनही पाहते.

अमेरिकेतून

पुण्याच्या सदस्यांचा अनुभव इथे उलटा येतो. घरी लेटर आकाराचा कागद, आणि भारतातल्या नातलगांनी पाठवलेली मराठी पाने ए-४ ची. १८ मिलिमीटर खालून कापले जातात, आणि नेमकी तिथेच ‘नवे शब्द’ ही चौकट होती. आमची मुलगी रविवारच्या मराठी शाळेत जाते आणि तिच्यासाठी ती चौकट सर्वांत महत्त्वाची होती, म्हणून मी पाने स्वतःच पुन्हा आखली.

तिथे दुसरी फजिती झाली. ज्या आज्ञावलीत मी आखणी केली तिला देवनागरीची जोडणी नीट करता येत नव्हती, त्यामुळे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी नंतर उमटत होती आणि जोडाक्षरांचे पाय मोडून हलंत दिसत होते. माझ्या डोळ्यांनी ‘लिहिणे’ हा शब्द सवयीने बरोबरच वाचला. मुलीने तो जसा दिसला तसा उतरवला. दोन आठवडे ती वेलांटी अक्षराच्या नंतर काढत होती. बाईंनी विचारले, तेव्हा तिने छापील पान पुराव्यादाखल पुढे केले. आता युनिकोड टंक वापरतो, तो पीडीएफमध्येच अंतर्भूत करतो आणि छापण्यापूर्वी मोठ्याने, अक्षर लावून वाचतो. ‘नवे शब्द’ ही चौकट दर वेळी भरते. ‘गोष्टीचा सारांश’ ही चौकट ती इंग्रजीत भरते, आणि मी काही बोलत नाही.

कोल्हापूरहून, थोडक्यात

दोनशे पानी पुठ्ठ्याच्या वहीत मी गेली तीस वर्षे लिहीत आहे. तिला रकाने नाहीत. रकाना दिसला की माझ्यातला कारकून जागा होतो, आणि त्याला मी निवृत्तीच्या दिवशीच निरोप दिला आहे. आपल्या सर्वांना शुभेच्छा.

रत्नागिरी जिल्ह्यातून

मी प्राथमिक शिक्षिका आहे. आपल्या राज्यात १५ ऑक्टोबर, म्हणजे डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. त्या निमित्ताने मी चौथीच्या एकतीस मुलांसाठी नोंदीची पाने छापली. ए-४ वर दोन प्रती बसवून मधून कापल्या, म्हणजे खर्च अर्धा झाला. पानावर पुस्तकाचे नाव, लेखक, चित्रासाठी चौकट आणि ‘पुस्तक आवडले का? का आवडले?’ असे दोन प्रश्न होते. आठवड्याने पाने गोळा केली. एकतीसपैकी सत्तावीस पानांवर ‘मला हे पुस्तक खूप आवडले कारण ते खूप छान आहे’ हेच वाक्य होते. दोष मुलांचा नव्हता. प्रश्नच असा होता की त्याचे एकच सुरक्षित उत्तर निघते.

पुढच्या वेळी तो प्रश्न काढला आणि त्या जागी ‘यातली कोणती गोष्ट घरी सांगितली? कुणाला? ते काय म्हणाले?’ असे छापले. त्या आठवड्यात आलेली पाने मी अजून जपून ठेवली आहेत. एकाने लिहिले, ‘आजीला सांगितली. ती झोपली.’ एकीने आईला भाकऱ्या थापताना गोष्ट सांगितली होती, आणि आईने मध्येच थांबवून शेवट बदलायला लावला होता. मुलीने दोन्ही शेवट लिहून आणले. एका मुलाने ‘कुणाला’ या रकान्यात ‘शेळीला’ असे लिहिले आणि ‘ते काय म्हणाले’ या ठिकाणी चौकट प्रामाणिकपणे रिकामी ठेवली. लेखकाचे नाव मात्र अर्ध्याअधिक पानांवर आजही कोरे असते. मुखपृष्ठावर ते कुठे शोधायचे, हे शिकवण्यासाठी आता चित्राच्या चौकटीतच नावाची रेघ घातली आहे.

सोलापूरहून

माझा अनुभव आईचा आहे. ती रोज सकाळी ज्ञानेश्वरी वाचते आणि ‘किती झाले, किती राहिले’ हे तिला कळावे म्हणून मी तयार संचातले ‘प्रकरणनिहाय प्रगती’ हे पान छापून दिले. अठरा अध्यायांसाठी अठरा सारख्या ओळी आणि प्रत्येक ओळीपुढे पाच तारे. आईने चष्मा लावून पान पाहिले आणि विचारले, ‘माउलींना तारे मी द्यायचे होय गं?’ ते पान तिथेच संपले.

ओळी सारख्या असणे हीसुद्धा अडचणच होती. बाराव्या अध्यायात अडीचशेच्या आत ओव्या आहेत, तर अठराव्यात अठराशेहून अधिक. एक अध्याय दहा दिवसांत होतो आणि एकाला अडीच महिने लागतात. मग हिशेब ओव्यांचाच धरला. एकूण सुमारे नऊ हजार ओव्या, रोज पंचवीस वाचल्या तर तीनशे साठ दिवस. मी बारा ओळींत तीस-तीस घरे आखून एकाच ए-४ वर छापले, अक्षरे मोठी ठेवली आणि अध्याय जिथे बदलतो त्या घराची कड जाड केली. आई रोज एका घरात पेन्सिलीने टिंब देते. ते पान ती पोथीत ठेवत नाही, फडताळाच्या दाराला आतून चिकटवलेले आहे. काही घरांत टिंबाऐवजी बारीक अक्षरात ‘पाहुणे’, ‘गुडघा’, ‘वीज नव्हती’ असे लिहिलेले असते. त्यासाठी मी रकाना आखला नव्हता.

निमंत्रणकर्तीकडून

सोलापूरच्या ताई, बारा ओळींचे ते पान मला हवे आहे. मी पोथी वाचत नाही, पण एक जाडजूड चरित्र दोन वर्षे अर्ध्यावर पडले आहे. पुण्याच्या सदस्यांना एक प्रश्न: शिवण नको असेल आणि साध्या दोन भोकांच्या पंचाने फाइलमध्ये लावायचे असेल, तर डावीकडे किती समास सोडावा? माझ्या पानांवर पहिल्या रकान्याचे पहिलेच अक्षर भोकात जाते आहे.

पुण्याहून

मी दोन सेंटिमीटर सोडतो. दोन भोकांमधले अंतर ८० मिलिमीटर ठरलेले असते, त्यामुळे कागद मधोमध दुमडून हलकी खूण केली आणि ती पंचावरच्या बाणाशी जुळवली की सगळी पाने एका रेषेत बसतात. आपली पाने छापून झालेली असतील, तर मात्र ती ९० टक्क्यांवर उजवीकडे सरकवून पुन्हा छापण्यावाचून इलाज नाही. ४२ छापू नयेत. तीन रकाने एका पानावर सहज मावतील.