घोडा तोच, स्वार नवा: केहिंदे वायलीचं चित्र ही नक्कल आहे का?

रंकाळावासी
केहिंदे वायली हा अमेरिकी चित्रकार नुसती नक्कल मारतो, असं परवा कोल्हापुरात शाहू स्मारकला प्रदर्शन बघताना दोघेतिघे म्हणत होते. मला अजिबात पटलं नाही, म्हणून हा धागा.

मूळ चित्र फ्रेंच चित्रकार जाक-लुई दाविदचं, १८०१ सालचं. आल्प्स ओलांडणारा नेपोलियन, घोडा मागच्या दोन पायांवर. वायलीनं २००५ मध्ये तेच नऊ बाय नऊ फुटांच्या कॅनव्हासवर काढलं आणि घोड्यावर बसवला साधा काळा तरुण. लष्करी छापाचे कपडे, जाडजूड बूट, डोक्याला रुमाल. खाली खडकाकडे बघा. दाविदनं तिथं बोनापार्ट (म्हणजे नेपोलियनच) आणि त्याच्याआधी आल्प्स ओलांडणारे हॅनिबल आणि शार्लमेन ही नावं कोरलेली दाखवली होती. वायलीनं ती ठेवली आणि जोडीला 'विल्यम्स' लिहिलं, स्वाराचं आडनाव. ज्याला त्या यादीच्या जवळपास कुणी फिरकू दिलं नसतं, त्याचं नाव तिथं कोरणं म्हणजे नक्कल?

करवीरचा_कुंचला
नाव कोरलं, मान्य. पण घोड्याला हात लावला नाही ना! खरा नेपोलियन १८०० साली खेचरावर बसून तो घाट चढला. उधळता घोडा ही दाविदची मेहेरबानी, म्हणजे मूळ चित्रच सत्तेची जाहिरात. इतिहासाला जाब विचारायचा तर खेचर काढायचं. पॉल देलारोशनं एकोणिसाव्या शतकातच ते काढलं, थंडीनं गारठलेल्या नेपोलियनसकट. वायलीनं जाहिरात तशीच ठेवली, फक्त माणूस बदलला.

मंगळवार_पेठ
भावा, कावळा नाक्यावर ताराराणींचा पुतळा रोज बघतोस की. शिल्पकार रवींद्र मेस्त्रींचा तो घोडाही मागच्या पायांवरच उभा आहे. त्याला युरोपची नक्कल म्हणशील? पोज कुणाच्या मालकीची नसते. वर कोण बसलंय त्यावर अर्थ ठरतो.

करवीरचा_कुंचला
ताराराणींनी औरंगजेबाशी सात वर्षं झुंज देऊन राज्य राखलं. त्या घोड्यावर त्यांचा हक्क आहे. वायलीच्या चित्रातल्या पोरानं काय केलंय?

रंकाळावासी
हाच प्रश्न मला खटकतो. चित्रात यायला आधी लढाई जिंकायची अट कुणी घातली? राजवाड्यांतल्या तैलचित्रांत किती जण नुसत्या जन्माच्या जोरावर बसलेत! त्यांना कुणी विचारलं नाही.

जलरंग
मी चित्रकलेची विद्यार्थिनी. तुम्ही दोघंही मागची बाजू सोडताय. वायलीनं आल्प्स काढून टाकलाय, त्या जागी लाल-सोनेरी वेलबुट्टी, भारी पडद्याच्या कापडासारखी. चित्रातला खोलपणा गेला, हवा गेली. हा तरुण कुठंच निघालेला नाही, त्याला जिंकायला डोंगरच ठेवलेला नाही. पोज उसनी आहे हे चित्रकार स्वतःच उघड करतोय. त्यामुळे 'जाहिरात तशीच ठेवली' हे मला मान्य नाही.

करवीरचा_कुंचला
वेलबुट्टीचा मुद्दा बिनतोड आहे, तो मी धरला नव्हता. तरी माझं मत कायम. आबालाल रहिमान शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार, पण जीव ओतला तो रंकाळा आणि कोटीतीर्थाच्या पाण्यावर. मोठेपण द्यायला त्यांना घोडा लागला नाही. विल्यम्सला त्याच्या गल्लीत, त्याच्या उजेडात उभा केला असता तर मी पहिला टाळी दिली असती.

रंकाळावासी
गल्लीतल्या विल्यम्ससमोर तू थांबला असतास. पण दाविदसमोर रांग लावणारे थांबले असते का? वायलीला तेच लोक गाठायचे आहेत.