खिडकीतून दिसलेला लाव्हाचा किनारा: बडोदेकरांनो, आपापले अनुभव लिहा

ऑकलंडला मुलीकडे जाताना विमान खाली येऊ लागलं आणि पाण्यात रांगिटोटो हे ज्वालामुखीचं बेट दिसलं. चहूबाजूंनी सारखाच उतार, मधोमध २६० मीटरचं शिखर, कडेला काळा खडक आणि त्यावर फुटणारा फेस. हे बेट समुद्रातून वर आलं साधारण ६०० वर्षांपूर्वी, म्हणजे आपल्या पावागढावर खीची चौहानांचं राज्य होतं तेव्हा! जमीन इतकी नवी असू शकते हे वाचलेलं होतं, पटलं मात्र त्या खिडकीपाशी. तुम्ही असं काय पाहिलंत? कुठे, कोणत्या वेळी, जरा सविस्तर लिहा. फोटो नसला तरी चालेल.

दांडिया बाजारहून
हवाईचं कोना. तिथला विमानतळच हुआलालाई ज्वालामुखीच्या १८०१च्या लाव्हावर बांधलाय. चाकं टेकेपर्यंत दोन्ही बाजूंना नुसतं काळं, नांगरून टाकलेल्या शेतासारखं ढेकळांचं रान. दोनशेहून जास्त वर्षं झाली, तरी गवताचे तुरळक पुंजकेच. पलीकडे एकदम निळा समुद्र. सासूबाई म्हणाल्या, "अगं, इथे उतरायचं कुठे?" पुढे रस्त्यावरून जाताना दिसलं, लोकांनी त्या काळ्या दगडांवर पांढऱ्या प्रवाळाचे तुकडे मांडून नावं लिहिलीत.

रावपुऱ्यातून
इटलीत सिसिलीच्या कॅटानियाला उतरताना सगळे ढगच. एटना ज्वालामुखीचं टोक तेवढं वर होतं, धूर सोडत.

कारेलीबागेतून
आइसलँडला केफ्लाविकला उतरताना खिडकी सोडू नका. अटलांटिकच्या तळाशी असलेली पर्वतरांग रेक्यानेस द्वीपकल्पात जमिनीवर चढते. जुन्या लाव्हावर जाड शेवाळ असतं, राखाडी-हिरवं. नवा लाव्हा ठार काळा. वरून ही सीमा रेघ मारल्यासारखी कळते. जवळजवळ ८०० वर्षं शांत राहून हा भाग मार्च २०२१मध्ये फाग्रादाल्सफ्यात्ल डोंगरापाशी पुन्हा जागा झाला. नोव्हेंबर २०२३मध्ये किनाऱ्यावरचं ग्रिंदाविक गाव रिकामं करावं लागलं. बंदर, घरं, गल्ल्या वरून नीट दिसतात. मासेमारीवर जगणारं गाव ते. बघताना पोटात तुटतं.

मांजलपूरहून
एवढ्या लांब कशाला? मुंबई-गोवा विमानातून कोकण बघा, पावसाळा सरल्यावर, सकाळचं. वर तांबडा जांभा, खाली समुद्रात घुसलेला काळा कातळ, मधून वळत जाणाऱ्या खाड्या. हाही लाव्हाच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. शंकूसारखा डोंगर मात्र शोधू नका. दख्खनचा लाव्हा मुख्यतः लांबलचक भेगांतून वर आला आणि थरावर थर पसरला. सह्याद्रीच्या पायऱ्या त्या थरांच्याच.

आणि बडोद्याला परतताना हवा स्वच्छ असेल तर पावागढ शोधा. खाली बसाल्ट, म्हणजे लाव्हाचा काळा कातळ, माथ्याला रायोलाइट, म्हणजे लाव्हाचाच पण फिकट खडक. आपली विश्वामित्री तिथूनच निघते. नातवंडांना आधी तो दाखवा, आइसलँड नंतर.