मदत हवी आहे: रसायनशास्त्राचे धडे येतात, पण मिश्र प्रश्नपत्रिका समोर आली की काही सुचत नाही

निळा_लिटमस

नमस्कार मंडळी,

वार्षिक परीक्षा तोंडावर आली आहे. बाकीच्या विषयांचं बरं चाललंय, रसायनशास्त्रात मात्र घोडं पेंड खातंय.

नेमकी अडचण सांगते. धडा उघडून त्याच्या शेवटची गणितं करायला घेतली तर ती सुटतात. मोलच्या धड्यात मोल काढायचे, आम्ल-आम्लारीच्या धड्यात पीएच काढायचा, हे माहीत असतं ना! पण जुनी प्रश्नपत्रिका घेतली, जिथे सगळी सरमिसळ असते, की प्रश्न कुठल्या धड्यातला हेच कळत नाही. मग आठवतील ती सूत्रं आठवते आणि त्यातल्या त्यात जवळचं वाटेल त्यात आकडे घालते.

दोन गणितं देते. (मोबाइलवरून लिहितेय, म्हणून रासायनिक सूत्रं शब्दांत.)

एक: ०.२ मोलर ॲसेटिक आम्ल ५० मिलिलिटर घेतलं, त्यात ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ५० मिलिलिटर घातलं. पीएच किती? केए (आम्लाचा विघटन स्थिरांक) दिलाय १.८ गुणिले १० चा वजा ५ वा घात. निम्मं आम्ल संपलं, उरलं ०.०५ मोलर, म्हणून सौम्य आम्लाचं वर्गमूळवालं सूत्र लावलं. माझं उत्तर ३.०२, पुस्तकातलं ४.७४.

दोन: २.७ ग्रॅम ॲल्युमिनियम आणि ७.१ ग्रॅम क्लोरिन. ॲल्युमिनियम क्लोराइड किती ग्रॅम तयार होईल? ॲल्युमिनियम कमी आहे, तर तोच आधी संपणार ना? तसं धरून १३.३५ ग्रॅम येतं. पुस्तकात ८.९.

शिवाय सेंद्रियच्या अभिक्रिया. पाठ होतात आणि दुसऱ्या दिवशी सपाट. उजळणी कुठून सुरू करू? वेळापत्रक नकोय, ते माझ्याकडे ढीगभर आहेत.

---

उशिरा_आलेला

वेळ कमी असेल तर समतोल आणि पीएच ऑप्शनला टाक, सेंद्रिय आणि मूलद्रव्यं पाठ कर. गुण सुटतात. मी तेच केलं होतं आणि पास झालो.

---

परीक्षानळी

उशिरा_आलेला, अहो तिला पास व्हायचंय असं तिने कुठे म्हटलंय? आणि समतोल ऑप्शनला टाकला की त्याच्याबरोबर पीएच, बफर, विद्राव्यता गुणाकार, सगळंच जातं. मग उरतं काय?

लिटमस, गणितं आकड्यांसकट दिलीस हे फार बरं केलंस. मी हा विषय शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी दुसरं गणित. भांड्यात तू घातलंस २.७ अधिक ७.१, म्हणजे ९.८ ग्रॅम. बाहेर काढलंस १३.३५. वरचे साडेतीन ग्रॅम आले कुठून? पुस्तकातलं उत्तर न बघताही हे खटकायला हवं. परीक्षेत मागे उत्तरं छापलेली नसतात.

कोण आधी संपणार हे ग्रॅमवरून ठरतच नाही, ते मोलवरून, म्हणजे कणांच्या संख्येवरून ठरतं. ॲल्युमिनियम २.७ भागिले २७, म्हणजे ०.१ मोल. क्लोरिनचा रेणुभार ७१, म्हणजे तोही ०.१ मोल. गंमत बघ, मोल दोघांचे सारखेच. आता समीकरण म्हणतं, ॲल्युमिनियमच्या २ मोलांना क्लोरिनचे ३ लागतात. म्हणजे ०.१ ला ०.१५ हवेत आणि आपल्याकडे आहेत ०.१. वजनाला अडीचपटीहून जास्त असूनही क्लोरिनच आधी संपला. पुढचा सगळा हिशेब क्लोरिनवरून करायचा: ०.१ मोल क्लोरिनपासून ०.०६६७ मोल ॲल्युमिनियम क्लोराइड, गुणिले १३३.५, म्हणजे ८.९ ग्रॅम. ॲल्युमिनियम वापरला गेला १.८ ग्रॅम, उरला ०.९. ८.९ अधिक ०.९ बरोबर ९.८. ताळा जमला. हा ताळा घ्यायला अर्धं मिनिट लागतं, तरी शंभरातली नव्वद मुलं घेत नाहीत. (हा आकडा वैतागातून आलाय, मोजलेला नाही.)

आता पहिलं, कारण तुझं खरं दुखणं तिथे आहे. मोलर आणि मिलिलिटर यांचा गुणाकार म्हणजे मिलिमोल. आम्ल १० मिलिमोल, सोडियम हायड्रॉक्साइड ५ मिलिमोल. तीव्र आम्लारी आहे, ती संपेपर्यंत अभिक्रिया होणार. ५ मिलिमोल आम्ल गेलं, ५ उरलं. इथपर्यंत तुझं बरोबर आहे. पण जे गेलं त्याचं काय झालं? त्याचं सोडियम ॲसिटेट झालं आणि ते त्याच भांड्यात आहे, ५ मिलिमोल. तू ते हिशेबातच धरलं नाहीस. सौम्य आम्ल आणि त्याचाच क्षार एकत्र, म्हणजे बफर, ज्याचा पीएच सहजी हलत नाही असं द्रावण. दोघंही सारखेच, म्हणून गुणोत्तर १, त्याचा लॉग शून्य, आणि पीएच बरोबर पीकेए (म्हणजे केएचा ऋण लॉग), ४.७४.

प्रश्न कुठल्या धड्यातला हे प्रश्नाच्या भाषेवरून शोधू नकोस. आधी मोल काढ, अभिक्रिया पूर्ण होऊ दे, मग भांड्यात डोकावून बघ की आता कोण कोण उरलंय. जे उरलं असेल त्यावरून सूत्र ठरतं.

हेच भांडं घेऊन एकेक गोष्ट बदल. ॲसेटिकच्या जागी तेवढंच हायड्रोक्लोरिक आम्ल घे. ५ मिलिमोल तीव्र आम्ल उरलं, १०० मिलिलिटरमध्ये, म्हणजे ०.०५ मोलर. पीएच १.३०. इथे बफर नाही, कारण सोबतचं क्लोराइड नुसतं बसून असतं. पुन्हा ॲसेटिक घे, पण सोडियम हायड्रॉक्साइड १०० मिलिलिटर घाल. आता आम्ल पूर्ण संपलं, उरलं फक्त ॲसिटेट, १० मिलिमोल, १५० मिलिलिटरमध्ये. ते सौम्य आम्लारी आहे, पीएच साधारण ८.८. सोडियम हायड्रॉक्साइड १५० मिलिलिटर घातलंस तर त्यातलं ५ मिलिमोल जास्तीचं उरेल, २०० मिलिलिटरमध्ये ०.०२५ मोलर, पीएच १२.४. ॲसिटेट आहेच, पण तीव्र आम्लारीपुढे त्याचं काही चालत नाही.

तुमच्या पुस्तकात हे तीन-चार वेगवेगळ्या जागी असेल. भांडं एकच आहे.

---

काचकूपी

वरच्या प्रतिसादाला +१, वाचनखूण साठवली.

त्यातच दर्शकाचा (पीएचनुसार रंग बदलणाऱ्या पदार्थाचा) प्रश्नही सुटतो बघ. ॲसेटिक आम्लाच्या अनुमापनात फिनॉल्फथॅलिनच का, हे मी शाळेत पाठ केलं होतं. समतुल्य बिंदू, म्हणजे आम्ल नेमकं संपतं ती जागा, ८.८ च्या आसपास येतो आणि फिनॉल्फथॅलिनचा रंग ८.२ ते १० मध्ये बदलतो. मिथिल ऑरेंज ३.१ ते ४.४ मध्येच बदलून मोकळं होतं, तेव्हा आम्ल पुष्कळ शिल्लक असतं.

सेंद्रियचं सांगते. अभिक्रियांची यादी पाठ करू नकोस, यादीला शेंडा-बुडखा नसतो. मोठा कोरा कागद घे, मधोमध इथेनॉल लिही आणि तिथून बाण काढ. प्रत्येक बाणावर अभिकारक आणि परिस्थिती, दोन्ही. परिस्थिती लिहायचा कंटाळा केला तर कागद फुकट. संहत सल्फ्युरिक आम्लाबरोबर ४४३ केल्विनला इथीन मिळतं आणि त्याच आम्लाबरोबर ४१३ केल्विनला डायइथाइल ईथर. अभिकारक तेच, तापमानाने वाट बदलली. पुढचा बाण ऑक्सिडीकरणाचा: आम्लयुक्त पोटॅशियम डायक्रोमेटने आधी ॲसिटाल्डिहाइड, मग ॲसेटिक आम्ल, आणि नारिंगी द्रावण हिरवं. मध्येच अल्डिहाइडवर थांबायचं असेल तर पीसीसी (पिरिडिनियम क्लोरोक्रोमेट, सौम्य ऑक्सिडीकारक). त्या दोन टोकांपासून पुन्हा पुढे बाण काढत जा. अल्कोहोल, अल्डिहाइड, आम्ल, एस्टर ही एक वाट झाली. इथीनपासून हॅलाइडकडे आणि परत अल्कोहोलकडे ही दुसरी.

कागद पूर्ण झाला की घडी करून ठेव आणि दुसऱ्या कोऱ्या कागदावर न बघता काढ. जे बाण सुटले तेवढेच लाल शाईने. पुढच्या वेळी फक्त लाल बाण बघायचे.

आणि प्राथमिक, द्वितीयक, तृतीयक अल्कोहोल ओळखा, हा प्रश्न आला तर लुकास अभिकारक (संहत हायड्रोक्लोरिक आम्ल आणि झिंक क्लोराइड). तृतीयक लगेच गढूळ, द्वितीयकाला काही मिनिटं, प्राथमिक साध्या तापमानाला ढिम्म.

---

निळा_लिटमस

परीक्षानळी सर, काचकूपी ताई, मनापासून धन्यवाद! भांड्यात डोकावायची युक्ती मी लगेच जुन्या प्रश्नपत्रिकेवर लावून बघितली. पीएचची गणितं आता ओळखू येतायत.

दोन शंका. बफरमध्ये आकारमान धरायचंच नाही का? तुम्ही १०० मिलिलिटरने भागलंच नाहीत. आणि विद्युतरसायनात माझं एक उत्तर जुळत नाही. तांबं आणि चांदीचा सेल, प्रमाण विभव तांब्याचं ०.३४ आणि चांदीचं ०.८०. तांब्याचे २ इलेक्ट्रॉन जातात म्हणून चांदीची अर्धअभिक्रिया दुप्पट केली, मग विभवही दुप्पट, १.६० वजा ०.३४, म्हणजे १.२६ व्होल्ट. पुस्तकात ०.४६.

---

परीक्षानळी

पहिल्या शंकेचं: भाग की, हरकत नाही. पण आम्ल आणि ॲसिटेट एकाच भांड्यात आहेत, दोघांनाही १०० नेच भागायचं, गुणोत्तरात ते उडून जातं. म्हणून बफरमध्ये नुसते मोल चालतात. हे फक्त बफरपुरतं. नुसतं आम्ल किंवा नुसतं ॲसिटेट उरलं असेल तर भागायलाच हवं, आणि तेही एकूण आकारमानाने. सुरुवातीच्या ५० ने भागायची खोड फार जणांना असते.

दुसऱ्याचं: अर्धअभिक्रिया दुप्पट कर, विभव दुप्पट करू नकोस. विभव म्हणजे दर एकक विद्युतप्रभारामागची ऊर्जा. इलेक्ट्रॉन दुप्पट झाले तर ऊर्जाही दुप्पट झाली, भागाकार तोच राहिला. ०.८० वजा ०.३४, ०.४६ व्होल्ट. दुप्पट होतो तो डेल्टा जी (मुक्त ऊर्जेतला बदल), कारण त्यात इलेक्ट्रॉनांची संख्या गुणलेली असते.

ॲनोडच्या चिन्हाबद्दल विचारशीलच, म्हणून आधीच सांगतो. ऑक्सिडीकरण कायम ॲनोडवर, मग सेल कुठलाही असो. चिन्ह मात्र बदलतं: गॅल्व्हानिक सेलमध्ये ॲनोड ऋण, विद्युत अपघटनात धन.

---

उशिरा_आलेला

बरं बाबा, ऑप्शनचा सल्ला मागे. पण एक कामाचं सांगतो. वायूंच्या गणितात तापमान केल्विनमध्ये केलं का, हे सगळ्यात आधी बघ. आणि एका पुस्तकात मोलर आकारमान २२.४ लिटर, दुसऱ्यात २२.७, यात माझा पूर्वी फार गोंधळ व्हायचा. कुठलं खरं?

---

परीक्षानळी

दोन्ही. तापमान ० अंश सेल्सियसच, दाब वेगळा. १ ॲटमॉस्फिअर धरला तर २२.४, १ बार धरला तर २२.७. आययूपीएसीने (रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने) १९८२ मध्ये प्रमाण दाब १ बार केला, पण जुना आकडा पुस्तकांतून अजून गेलेला नाही. प्रश्नात दाब दिला असेल तो घ्यायचा, नसेल तर आपल्या पाठ्यपुस्तकातला.

---

निळा_लिटमस

शेवटची एक, मग अभ्यासाला पळते. नायट्रोजन, हायड्रोजन आणि अमोनियाचं मिश्रण समतोलात आहे. भांड्यात आरगॉन सोडला तर समतोल कुठे सरकेल? एका उत्तरपत्रिकेत 'काही बदल नाही' आहे, दुसरीत 'डावीकडे'. दाब वाढला म्हणून मी 'उजवीकडे' लिहिणार होते.

---

परीक्षानळी

दोन्ही प्रश्न नीट वाच. एकात 'स्थिर आकारमानाला' असेल आणि दुसऱ्यात 'स्थिर दाबाला'.

---

निळा_लिटमस

हो, आहे! पहिल्यात आकारमान स्थिर. म्हणजे एकूण दाब वाढतो, पण तिघांचे आंशिक दाब होते तेवढेच राहतात, म्हणून काही बदल नाही. दुसऱ्यात आरगॉनला जागा करून द्यायला भांडं मोठं होतं, तिघांचे आंशिक दाब कमी होतात, म्हणून जिकडे वायूचे मोल जास्त तिकडे. डावीकडे ४, उजवीकडे २. डावीकडे.

---

परीक्षानळी

बरोबर. स्थिरांक मात्र दोन्हीकडे तोच राहिला, तो फक्त तापमानाने बदलतो. आता हेच उत्प्रेरक घालून आणि मग तापमान वाढवून कर. ही अभिक्रिया उष्मादायी आहे, एवढं ध्यानात ठेव.

---

निळा_लिटमस

उत्प्रेरकाने समतोल लवकर येतो, सरकत नाही. तापमान वाढवलं तर डावीकडे, आणि इथे स्थिरांकही कमी होतो.

---

परीक्षानळी

पळ आता.