घेर खालीवर होतो तो कापडामुळे नाही

स्लिपचा, म्हणजे झग्याखाली घालायच्या पातळ आतल्या कपड्याचा, घेर (खालची कड) खालीवर झाला कारण साटीन स्वस्तातलं होतं, असं एकांनी म्हटलंय. पटत नाही. महागातलं रेशीम घेतलं असतं तरी तेच झालं असतं. १९३०च्या धर्तीची स्लिप म्हणजे उरेब (तिरपी) कापलेली, आणि धाग्यांना ४५ अंशात कापलेलं कापड स्वतःच्या वजनानं उतरतं, तेही सगळीकडे सारखं नाही. त्यामुळे खांद्याच्या पट्ट्या लावून झाल्या की घेर लगेच दुमडायचा नाही. निदान एक रात्र, जमलं तर दोन दिवस डमीवर लटकू द्यायची, मग जमिनीपासून पट्टीनं मोजत खडूची खूण करून वाढलेलं कापायचं. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीची स्लिप एका बाजूला चांगली दोन बोटं उतरली होती, पुढे मधोमध जवळपास काहीच नाही! बाजूच्या शिवणी अगदी बारीक झिगझॅगनं मारा, सरळ टीप ताण आला की तुटते. मशीनची सुई ७० नंबरची.

जुन्या धर्तीच्या अशा कपड्यांच्या कलेक्शनमध्ये १९४०चं दशकही घेणार असाल तर एक भर. ब्रिटनमध्ये १९४१ ते १९४९ कपड्यांना रेशनची कूपन लागायची, आणि युद्धानंतर पॅराशूटचं उरलेलं रेशीम-नायलॉन विनाकूपन मिळायचं. ते यायचं लांबट त्रिकोणी तुकड्यांत. तेव्हाच्या घरी शिवलेल्या निकर-स्लिपांवर नको तिथे जोड दिसतात ते त्यामुळेच. मी तर ते जोड लपवणार नाही, उलट पुढेच घेईन.