म्हैस व्याली की पिशवीत औषध, हा दंडक बंद करा

शहापूरचा गोठा
वार (वासरामागून पडणारी झार) पडो न पडो, व्यालेल्या म्हशीच्या गर्भपिशवीत गोळी गेलीच पाहिजे असं आमच्याकडे ठरूनच गेलंय. कशासाठी? व्याल्यावर दोनेक आठवडे लालसर-तपकिरी स्राव जातोच. त्याला घाण वास नाही, अंगात ताप नाही, म्हैस चारा खातेय, मग हात लावूच नये. त्या दिवसांत जंतू जवळपास प्रत्येकीच्या पिशवीत शिरतात आणि बहुतेकींची पिशवी आपसूक साफ होते.

कल्याणचा तबेला
भाऊ, तुमची जनावरं मोकळी चरतात. आमची मुऱ्हा दिवसभर बांधलेली, शेणामुतातच बसते. वार बारा तासांत पडली नाही की आमचा गडी हात घालून काढतो. आत सडली तर दूध तुटतं, म्हैस परत गाभण राहत नाही. तो तोटा तुम्ही भरणार?

जनावरांचा डॉक्टर, भिवंडी
हात घालून ओढणं हाच सगळ्यात मोठा उपद्व्याप. पिशवीला आतून बटणांसारख्या गाठी असतात, वार त्यांना धरून असते. ओढली की तुकडे आत राहतात, अस्तर सोलतं. मग ई. कोलाय आणि ट्रुपेरेला पायोजेनिस या जंतूंना रानच मोकळं. लोंबणारा भाग कापा, बाकीची गळू द्या. मात्र रोज ताप बघा. १०३ फॅरनहाइटच्या वर गेला, नासका वास असलेलं पातळ तपकिरी पाणी जायला लागलं, म्हशीनं वैरण सोडली, तर त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. तेव्हा इंजेक्शन लागतंच, तिथे ‘आपसूक’ म्हणत बसू नका.
आणि गडी उघड्या हातानं वार काढत असेल तर ब्रुसेला, म्हणजे जनावरांकडून माणसाला लागणारा जंतूंचा रोग, त्यालाही होऊ शकतो. महिनोन्महिने येणारा-जाणारा ताप, सांधेदुखी.

घोडबंदर रोड, रोजचं दूध
औषध चालू असताना ते दूध आमच्या घरी येतं का? प्रतिजैविकांच्या अंशांना एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, मर्यादा आहे ना?

कल्याणचा तबेला
ताई, ओतून देतो म्हटलं तर खोटं होईल. पहाटे दुधाची पिशवी पोचली नाही की सोसायटीतून पहिला फोन तुमचाच.

शहापूरचा गोठा
म्हणजे माझाच मुद्दा झाला. गरज नसलेली गोळी टाळली तर ओतायचं दूधही कमी. खरं लक्ष पुढच्या माजाला द्या. बळस, म्हणजे माजात येणारा चिकट स्राव, काचेसारखा स्वच्छ असेल तर म्हैस भरवा, म्हणजे रेतन करून घ्या. पांढरे पुवाचे ठिपके दिसले तर तो माज सोडा, आधी उपचार करा. नाहीतर म्हैस गाभण न राहता उलटणार आणि दोष मात्र रेतनवाल्याला.

कल्याणचा तबेला
सोडलेला माज म्हणजे २१ दिवसांची वैरण अंगावर. बरं डॉक्टर, ब्रुसेलाची लस टोचून टाकू का सगळ्यांना?

जनावरांचा डॉक्टर, भिवंडी
ती ४ ते ८ महिन्यांच्या पारड्यांना, एकदाच. तुम्ही आणता त्या व्यालेल्या. सौदा करण्याआधी रक्त तपासून घ्या.

कल्याणचा तबेला
रिपोर्ट येईपर्यंत दलाल ती म्हैस दुसऱ्याला विकून मोकळा.