घरातला साधनेचा कोपरा: तुम्ही कसा मांडलात? (अनुभव धागा, नागपूर)

धागाकर्ती
विक्का (निसर्गपूजेचा, जादूविधींचा आधुनिक पंथ) म्हणा, नुसती साधना म्हणा. घरच्या घरी, आपल्यापुरते विधी करणारी माणसं आपल्या गावात आहेत आणि बहुतेक जण चारचौघांत त्याबद्दल बोलत नाहीत. जेराल्ड गार्डनर यांनी १९५० च्या दशकात इंग्लंडात हा पंथ उघडपणे मांडला तेव्हा विधीसाठी आखून आत बसायचं वर्तुळ ठरलं नऊ फूट व्यासाचं. इथे दहा बाय दहाच्या खोलीत पलंग, लोखंडी कपाट आणि कूलर. तेव्हा जागा कशी काढली, शुद्ध कशी केली, घरच्यांना काय सांगितलं, ते लिहा. करणी, मूठ, 'अमक्याला वश करायचं आहे' असले प्रतिसाद नकोत. उडवले जातील.

धरमपेठवाली
माझं भांडण दिशांवरून झालं. विक्काच्या रूढ मांडणीत पूर्वेला वारा, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला पाणी, उत्तरेला पृथ्वी. मी दक्षिणेला दिवा ठेवला तर आजी दारातूनच ओरडली, "दक्षिणेला वात करतात का गं? कोणाचं काय झालं?" आता इंग्लंडात दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेलाच, म्हणून आग तिकडे. नागपुरात मे अखेरीला शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, आणि तिथून जुलैच्या मध्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेलाच असतो. मग त्या हिशेबाला धरून काय बसायचं? दिवा आग्नेयेला नेला. आजी संध्याकाळी देवघरातला दिवा लावते त्याच काडीने आता माझाही लावते. हे काय चाललंय ते तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

पत्र्याखालचा
आमची खोली सगळ्यात वर, पत्र्याची. मे महिन्यात मेणबत्त्या पेटवायच्या आधीच माना टाकतात. कूलर बंद केला तर जीव जाते, चालू ठेवला तर वात राहत नाही. काहून त्या मेणबत्त्यांच्या मागं लागून राहिले तुम्ही लोक? पितळेचा दिवा, तिळाचं तेल, वरून जुन्या कंदिलाची काच. काम फत्ते. अन् दारं-खिडक्या लावून कापूर जाळू नका बे, डोकं धरते.

संत्र्याची साल
मी वर्तुळ रांगोळीने काढते. सासरी रांगोळीला कोण हरकत घेणार? पण माझ्या मते खरं काम त्याच्या आधीच होतं. पलंग सरकवून केर काढायचा, मग खडेमीठ घातलेल्या पाण्याने फरशी पुसायची. आमचं बोअरचं पाणी जड, त्यामुळे वाळल्यावर पांढरट ओघळ राहतात. पुन्हा एकदा कोरडं फडकं. धूप विकत आणत नाही. मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चात येतात तेव्हाच साली सावलीत वाळवून डब्यात भरते. निखाऱ्यावर टाकली की साल आधी तडतडते, कडा तपकिरी होऊन आत वळतात, आणि मग तो गोड-कडवट धूर निघतो. विक्कातही संत्र्याची साल सूर्याची मानतात, म्हणजे उसनं काही नाही.

एकच गोष्ट जमली नाही. वर्तुळ उघडताना उजवीकडून फिरायचं, ते प्रदक्षिणेसारखंच. मिटवताना उलटं फिरतात. माझे पाय उलटे पडत नाहीत. मी हाताने रांगोळी पुसते आणि उठते.

अंनिसवाला
मी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात आहे, तरी वाचतोय. दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला झाला, त्याच महिन्यात जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा. स्वतःच्या खोलीत दिवा लावून बसण्याला तो आडवा येत नाही. शेजारीण "माझ्या पोरीचंही बघता का" म्हणत आली, तुम्ही इलाजाचा दावा करून पैसे घेतले, की प्रकरण वेगळं. आणि मीठ, लिंबू, कुंकू, अर्धवट जळलेल्या चिठ्ठ्या उंबऱ्याबाहेर टाकू नका. तुम्ही सुशिक्षित, तुम्हाला कोणी काही म्हणणार नाही. संशय जाईल गल्लीतल्या एकट्या म्हातारीवर, आणि अशा संशयातून बायकांना मार खावा लागलाय.

धागाकर्ती
हे वर चिकटवून ठेवावं असं आहे. माझाही नियम तोच: घरातलं घरात, दुसऱ्यासाठी काही नाही, पैशाचा संबंध नाही.

इतवारीची
विक्काचे वर्षाचे आठ सण मला इथे बसवता येत नाहीत. २१ जूनला सूर्याचा सण करायचा, तर आपण तोवर भाजून निघालेलो असतो आणि आभाळाकडे डोळे लावून बसलेलो असतो. मी कोपरा साफ करते तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. रस्त्यावरून काळी-पिवळी मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, जाते, पोट्टे "घेऊन जा गे मारबत" ओरडतात, आणि मी वर खोलीत जुनं मेण खरवडते, सुकलेली फुलं, वर्षभराच्या चिठ्ठ्या बाहेर काढते. याहून चांगला मुहूर्त कुठल्या पंथात असेल?

मनीषनगर_पीजी
घरमालक आग अजिबात लावू देत नाहीत. उदबत्तीसुद्धा नाही. काय करू?

संत्र्याची साल
घंटी आणि तांब्याभर पाणी. पाण्यात चिमूटभर मीठ, चारी कोपऱ्यांत शिंपड, झालं. उरलेलं पाणी मोरीत ओत. तुळशीत घालू नको, मिठाने झाड जाईल आणि घरमालकांना तेवढंच निमित्त.