मदत हवी आहे: कोस्ट टू कोस्ट, आजचा पाऊस आणि परवाचा किडस्टी पाइक

नमस्कार मंडळी,

मी लीड्सला राहते. बाबा (वय ६६) साताऱ्याहून आलेत आणि आम्ही दोघं कोस्ट टू कोस्ट चालतोय, म्हणजे उत्तर इंग्लंडमधली पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची पायवाट. सेंट बीज ते रॉबिन हूड्स बे, साधारण ३०५ किमी. आज तिसरा दिवस, मुक्काम ग्रासमियर. बुटांत वर्तमानपत्रं कोंबून ठेवलीत आणि बाबा सात वाजताच झोपलेत.

सकाळी रॉस्थवेटहून निघालो तेव्हापासून पाऊस. शेजारचं सीथवेट म्हणजे इंग्लंडमधलं सगळ्यात पावसाचं गाव, वर्षाला ३,००० मिमीच्या वर. बाबा म्हणाले, महाबळेश्वरापुढे हे काहीच नाही. आकडा म्हणून खरं आहे. पण आपल्याकडे भर पावसात गड चढताना अंग तापलेलं असतं, भिजलं तरी बिघडत नाही. इथे पाऊस बारीक, वाऱ्याबरोबर आडवा आणि बर्फासारखा गार. चालताय तोवर ठीक, थांबलात की पाच मिनिटांत हुडहुडी.

ग्रीनअप एजवर (सुमारे ६०० मीटर) ढगात शिरलो आणि पायवाट दलदलीत हरवली. तिथून 'फार ईझडेल' नावाच्या दरीकडे वळायचं सोडून विथबर्नच्या दरीत उतरायची चूक बरेच जण करतात. आम्हीही दोनेकशे पावलं उतरलो, मग फोनवरच्या नकाशात कळलं.

परत वर येऊन चहासाठी थांबलो तर बाबांना जॅकेटची चेन उघडता येईना. बोटं पांढरी पडलेली, वाकतच नव्हती. चेन मी उघडली. थर्मासचा कप त्यांच्या हातात दिला तर चहा हिंदकळून बाहीवर सांडला. "काही नाही गं, वारा आहे," म्हणाले. मी त्यांना इतकं हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

उद्या पॅटरडेलला ग्रिझडेलच्या दरीतूनच उतरणार, हेल्वेलिनचा डोंगर सोडून दिलाय. प्रश्न परवाचा आहे. पॅटरडेल ते शॅप जवळपास २५ किमी आणि मध्ये किडस्टी पाइक, ७८० मीटर, मुख्य वाटेवरचा सर्वांत उंच माथा. अंदाजात माथ्यावर जोराचा वारा, पाऊस आणि ढग आहेत. खालची वाट म्हणजे अल्सवॉटर तळ्याच्या काठाने पूली ब्रिज आणि तिथून आस्कम, बॅम्प्टनवरून शॅप. ही कोणी चालली आहे का? पावसात किती तास धरावेत? ग्लेनरिडिंगहून हौटाउनपर्यंत बोट घेतली तर बाबांचे पाय बरेच वाचतील, पण "बोटीत बसलो तर मग चाललो काय?" हे त्यांचं म्हणणं मला आत्ताच ऐकू येतंय. सेंट बीजच्या किनाऱ्यावरून उचललेला खडा ते रोज रात्री उशाशी ठेवतात. तो पलीकडच्या समुद्रात टाकायचा आहे, आणि मलाही तो त्यांच्याच हातून पडायला हवा आहे.

दुसरं म्हणजे हातमोजे. लोकरीचे होते, ते तासाभरात पिळून काढायच्या लायकीचे झाले. वरून वॉटरप्रूफ हातमोजे चढवले तर भागतं का? आणि बाबांच्या जॅकेटवरून आता पाणी ओघळत नाही, कापडच भिजतं. ग्रासमियरमध्ये ट्रेकिंगची दुकानं आहेत. वॉटरप्रूफिंगचा फवारा मारून जमेल की जॅकेट नवीनच घ्यावं?

साठीपुढच्या आईवडिलांना घेऊन इथे डोंगरात गेलेल्यांनी जरूर लिहा. परत फिरायची वेळ तुम्ही कशावरून ओळखलीत, आणि त्यांना ते कसं सांगितलंत?

शॅपची खोली पुढे ढकलता येत नाहीये, त्यामुळे उद्या संध्याकाळपर्यंत ठरवायचं आहे.